एकास एकचं सोवळं

मंडळी, आज हॅम रेडिओवाल्यांच्या एका सोवळ्याला हात लावतोय. एसडब्ल्यूआर 1:1! हा आकडा दिसला की आमचे सीनियर लोक खूश, आणि दीड दिसला की नवख्याला लगेच सल्ला: "ट्यूनर घे."

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला सेट आणि कोॲक्स केबल 50 ओहमची. साध्या डायपोलचा इम्पिडन्स मोकळ्या जागेत साधारण 73 ओहम. सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, आणखी काहीतरी. दोन्ही जुळत नाहीत म्हणून थोडी पॉवर परत फिरते. एसडब्ल्यूआर 1.5 असेल तर 4 टक्के, 2 असेल तर 11. एवढ्याने समोरच्याला ऐकण्यात काडीचा फरक पडत नाही. वॉल्टर मॅक्सवेल यांनी 1973 मध्ये 'क्यूएसटी' मासिकात लेखमाला लिहून हे भूत उतरवायचा प्रयत्न केला होता. तरी ते अजून मानगुटीवर आहेच.

आता खरी गंमत. 145 मेगाहर्ट्झला 30 मीटर आरजी-58 केबल सुमारे 6 डेसिबल खाते. म्हणजे चार वॉट सोडले तर वर पोचतो एक. परत येणारी पॉवरही तीच केबल खाते, त्यामुळे खाली मीटर छान दिसतो. हिशोब करून बघा: वरचा ॲन्टेना चोरीला गेला तरी मीटर 1.7 च्या आसपासच दाखवेल!

आणि खोलीतला ट्यूनर काय करतो? सेटला खूश ठेवतो. केबलमध्ये वाया जाणारी पॉवर तशीच वाया जाते. आमच्या धंद्यात याला एक्सेप्शन पकडून गिळून टाकणं म्हणतात. लॉग स्वच्छ, प्रोग्राम बोंबललेला.

परफेक्ट 1:1 हवाय? डमी लोड लावा. 50 ओहमचा रेझिस्टर, मस्त गरम होतो, ऐकू कुणालाच जात नाही.

नवखा परीक्षा देतो, परवान्यासाठी थांबतो, पगारातून सेट घेतो, मीटर एकावर आणतो. उत्तर येत नाही. मग "आपल्याला जमत नाही" म्हणून सगळं माळ्यावर टाकतो. हे मला सहन होत नाही.

तेव्हा ट्यूनरचे पैसे आधी चांगल्या केबलवर घाला. नॅनोव्हीएनए घेऊन गच्चीवर जा आणि ॲन्टेनापाशी मोजा. एसडब्ल्यूआर दीड आला तर खुशाल बोला. मीटर खालीच बघायचा असेल, तर डमी लोड स्वस्त पडेल :)