‘वैयक्तिक कारणास्तव’ हे कारण नव्हे

नोकरी सोडणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन वाक्ये आयती मिळतात. राजीनाम्यात लिहायचे, ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.’ आणि ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे, ‘कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असल्यास माफी असावी.’ पहिले वाक्य मालकाला वाचवते. दुसरे सगळ्यांनाच वाचवते, लिहिणारा सोडून.

सेनगाव तालुक्यात काम करताना असे कितीतरी राजीनामे माझ्या नजरेखालून गेले. कंत्राटी नर्स, संस्थांचे फिल्ड कार्यकर्ते, डेटा एंट्रीची मुले, विनाअनुदानित शाळेतले मास्तर. चार महिने मानधन थकले, कारण वैयक्तिक. साहेब रात्री अकराला फोन करतो, कारण वैयक्तिक. फिल्डवर एखाद्या घरात पाणी वरून ओंजळीत ओततात आणि संस्था सांगते की गावाशी जुळवून घ्या, कारण वैयक्तिक. सी. राईट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक साधा भेद मांडला: एकट्या माणसाची अडचण वेगळी आणि समाजाच्या रचनेतून आलेला प्रश्न वेगळा. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला हे पाठ केले होते. एकाच खुर्चीवरून तीन वर्षांत चार जण ‘वैयक्तिक’ कारणाने उठून जातात, तेव्हा दोष खुर्चीत शोधावा लागतो. पण कागदोपत्री ती खुर्ची निर्दोष राहते, कारण चौघांनीही तसे लिहून दिलेले असते.

आपल्या लोकांनी तरी हे करू नये, कारण आपल्यासमोर एक राजीनामा आहे.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंकडे कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि आपल्याला लगेच मोकळे करावे असे कळवले. तो दुसऱ्या दिवशी स्वीकारला गेला. अधिवेशन संपेपर्यंत थांबावे, या नेहरूंच्या विनंतीवरून ते थांबले. हिंदू कोड बिलाची चार कलमे कशीबशी मंजूर झाल्यावर ते गुंडाळले गेले होते, हे आपण सगळे जाणतो आणि दर वर्षी भाषणात सांगतोही. पण मला इथे दुसरी गोष्ट सांगायची आहे.

बाबासाहेबांना ‘वैयक्तिक कारण’ हाताशी होते, आणि तेही खरे. त्यांची प्रकृती ढासळलेली होती. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी स्वतःच नेहरूंना लिहिले होते की तब्येत काळजी करण्यासारखी आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हे बिल पार पाडायचे आहे. म्हणजे प्रकृतीचे कारण पंतप्रधानांच्या फायलीत आधीच होते. तेवढे एक वाक्य लिहिले असते तर सगळे सुखाने पार पडले असते. सरकारला त्रास नाही, निरोपाची गोड भाषणे, पुष्पगुच्छ. त्यांनी नेमके तेच दार बंद केले. आपण आजारपणामुळे राजीनामा दिला असे कुणी समजू नये, आजारासाठी कर्तव्य सोडणाऱ्यांपैकी आपण नाही, असे त्यांनी निवेदनात स्पष्ट लिहिले.

आणि निवेदन का करायचे, हेही लिहिले. रिकामी जागा दिसली की वर्तमानपत्रे आपल्या मनाची कारणे तिथे भरतात. जे लाडके त्यांना उजळवणारी, जे नावडते त्यांना काळे फासणारी. म्हणून ती जागा रिकामी ठेवायची नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण कारण लिहिले नाही तर कारण नसते असे होत नाही. ते दुसरा कुणीतरी लिहितो. ‘तिला काम झेपले नाही.’ ‘यांच्यातले लोक टिकत नाहीत.’ ‘लग्नाचे काहीतरी असेल.’ चहाच्या टपरीवर आठ दिवसांत हा मजकूर तयार होतो आणि पुढच्या मुलाखतीत आपल्याआधी पोचतो.

निवेदनात त्यांनी पाच कारणे एकेक करून मांडली. कायदेखात्यापलीकडे प्रशासनाचे खाते मिळाले नाही, मंत्रिमंडळाच्या समित्यांवर घेतले नाही. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नाही, अनुसूचित जातींवरचे जुलूम तसेच चालू राहिले. मग परराष्ट्र धोरण आणि काश्मीरविषयीचे मतभेद, आणि शेवटी हिंदू कोड. त्यात तारखा आहेत, आकडे आहेत. देशाच्या साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, हा आकडा तिथेच आहे. शिव्या मात्र नाहीत. तक्रार आहे, रडगाणे नाही.

हे निवेदन सभागृहात वाचायचे ठरले तेव्हा उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार यांनी प्रत आधी दाखवा म्हणून आग्रह धरला. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिले. देशाच्या पहिल्या कायदेमंत्र्याचा निरोप असा झाला. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या खंडांत तो पूर्ण आहे. ज्यांच्या घरात हे खंड कपाटात काचेआड आहेत त्यांनी काच उघडावी.

याच्या एक वर्ष आधी, ८ ऑक्टोबर १९५० रोजी, जोगेंद्रनाथ मंडल यांनी पाकिस्तानच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा लियाकत अलींना पाठवला. बंगालमधून बाबासाहेबांना संविधान सभेवर निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे मंडल. त्यांचे पत्र म्हणजे पूर्व बंगालातल्या दलितांवर काय गुदरले याचा दस्तऐवज आहे. मंडलांच्या राजकीय निर्णयांवर हवी तेवढी टीका करा, पण ते पत्र नसते तर त्या गावांची आणि त्या घटनांची नोंद एका मंत्र्याच्या सहीने कुठे झाली असती? आणि कारण सांगून पद सोडणे ही फक्त आपल्याच लोकांची सवय आहे असेही नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी होत नाही हे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितले. महाराष्ट्र ते अजून अभिमानाने सांगतो. मग एखाद्या अंगणवाडी मदतनिसेने वा प्रकल्प कार्यकर्त्याने कारण लिहिले की ते ‘भावनेच्या भरात’ कसे होते?

आता हरकत येणार, आणि ती रास्त आहे. ताई, ते मंत्री होते, बॅरिस्टर होते. आमचा अकरा महिन्यांचा करार आहे, शेवटचा पगार त्यांच्या हातात, अनुभवाचा दाखला त्यांच्या हातात. खरे लिहिले तर जिल्ह्यात दुसरीकडे उभे करणार नाहीत. हिंगोली जिल्हा लहान आहे. सगळ्या संस्थांचे साहेब एकमेकांना ओळखतात, एकाच लग्नात जेवतात. याला मी भ्याडपणा म्हणणार नाही. बाबासाहेबांनाही १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडावी लागली तेव्हा संस्थानाशी दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, आणि राहायला खोली मिळत नव्हती. त्या प्रसंगाची हकिकत त्यांनी पुढे अनेक वर्षांनी लिहिली. प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी लिहिता येते असे नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की पत्रे दोन करा. राजीनामा हा मालकाला दिलेला कागद आहे. तो दोन ओळींचा असू द्या: अमुक तारखेपासून मुक्त करावे, इतकी थकबाकी द्यावी, पोच मिळावी. ‘वैयक्तिक’ हा शब्द त्यात घालायची सक्ती कुठल्या कायद्यात नाही. कारणाची ओळच गाळता येते. खोटे न लिहिताही गप्प बसता येते. थकबाकी आणि दाखला हाती येईपर्यंत थांबा. दुसरे पत्र सहकाऱ्यांना. ते आपले असते, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

मी एका संस्थेत सहा वर्षे होते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचे शिक्षण हा विषय. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या तांड्या-वस्त्यांवरून ट्रक निघतात. मुले मागे ठेवा, हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवा, म्हणून आम्ही दारोदार फिरायचो. फिरणारे आम्ही म्हणजे बौद्ध, मातंग, बंजारा, आंध. समन्वयक मात्र प्रत्येक वेळी पुण्याहून यायचा. सहा वर्षांत फिल्डवरचा एकही माणूस त्या खुर्चीत बसला नाही. अहवालात आमचे फोटो, मुखपृष्ठावर त्यांचे नाव. निघताना मला सांगण्यात आले, कारण वैयक्तिक लिही, संबंध चांगले राहतील. मी कारणाची ओळ गाळली.

सहकाऱ्यांना मात्र दोन पानी पत्र दिले. छापून, चौदा प्रती. त्यात कुणाला कोणत्या वस्तीवर कोणते घर गाठायचे हे होते, कोणती मुले यंदा पुन्हा जाण्याची भीती आहे ते होते, आणि सहा वर्षांत किती समन्वयक बदलले व ते कुठून आले एवढी कोरडी नोंद होती. विशेषण एकही नव्हते. स्वयंपाकाच्या मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, “माझे दोन महिन्यांचे राहिलेले पैसे लिहिलेस का गं?” लिहिले होते. त्यांनी ती प्रत घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

निरोपाच्या पत्रात सहकारी कोण हेही ठरवावे लागते. आपल्याकडे ‘स्टाफ’ म्हटले की खुर्चीवाले येतात. झाडणारी बाई, ड्रायव्हर, वॉचमन हे निरोप समारंभात सतरंजी अंथरतात आणि समोसे वाटतात. शाल-श्रीफळ कायम नोकरीवाल्याला. कंत्राटी माणूस महिनाअखेरीस हजेरीपटावरून गळतो, बस्स. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता, विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. निर्णय गेला, पद्धत गेली का? कंत्राटी भरतीची बिंदुनामावली कोण तपासते? अशा ठिकाणाहून कोण का गेले याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते, म्हणून ती आपल्याच कागदावर हवी.

काय लिहू नये हेही सांगते. दुसऱ्या बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय लिहू नका. तुम्ही निघून जाल, तिला तिथेच बसायचे आहे. जो स्वतःच दबलेला आहे अशा बाबूवर राग काढू नका. छळाची किंवा जातिवाचक अपमानाची बाब असेल तर ती निरोपाच्या पत्रात घालून मोकळे होऊ नका. त्यासाठी अंतर्गत समिती आहे, १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, पोलीस ठाणे आहे. तिथे तारखेसह तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि ते माफीचे वाक्य काढून टाका. ज्याचे मन दुखावले असेल त्याची नाव घेऊन, समोर जाऊन माफी मागा. सरसकट माफी कशाची? ज्यांनी वर्षानुवर्षे तुमचा कप वेगळ्या खिळ्याला टांगला, त्यांची?

पत्र मराठीत लिहा, हाताने लिहिले तरी चालेल. खाली तारीख आणि सही. एक प्रत घरी ठेवा, आणि एक तुमच्या जागेवर येणाऱ्या माणसासाठी. त्याचे नाव अजून ठरलेले नसेल, तरी टेबलाच्या खणात ठेवून द्या.