प्रश्नावली भरली, पुढे काय?

मागच्या उन्हाळ्यात गेवराई तालुक्यातल्या उमापूरला एका ओळखीच्या घरी ओसरीवर बसलो होतो. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. पीएच.डी. करणारी एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली आणि घरच्या सुनेला तिने विचारले, ‘मावशी, पिशवी काढली का?’ बाईंनी सासऱ्यांकडे पाहिले, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, ‘काढली.’ माहिती कशासाठी हवी, कोण वाचणार, नाव छापणार का, हे मुलीने सांगितले नाही. अंगठा मात्र घेतला.

मुलीला दोष देणे सोपे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये देशभर गाजल्या. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे संशोधन व्हायलाच हवे होते. पण विषय गाजला की वह्या-पेन घेऊन येणारेही वाढतात, आणि त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे?

आपल्या विद्यापीठांत ‘संशोधनातील नैतिकता’ म्हटले की आठवते ती उचलेगिरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. संगणक ते मोजतो, प्रमाणपत्र देतो, मार्गदर्शक सही करतात. पण सासऱ्यांसमोर विचारलेला प्रश्न कोणता संगणक पकडणार?

नियम नाहीत, असे मुळीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की संमती समोरच्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, नकाराचा हक्क सांगावा, लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार असावा. नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, आणि समितीत एक सामान्य नागरिकही हवा. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा समित्या असतात. समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा प्रबंध मात्र अशा समितीपुढे जाईलच, याची खात्री नाही.

माझे म्हणणे एवढेच, की माणसांना प्रश्न विचारणारा प्रत्येक प्रबंध, विभाग कोणताही असो, गावात जाण्याआधी अशा समितीपुढे जावा. तो सामान्य नागरिक एखादी ऊस तोडून आलेली बाई का असू नये? आणि निष्कर्ष गावाला मराठीत सांगितल्याशिवाय पदवी देऊ नये. यात वेळ जाईल, हे कबूल.

मुलगी एसटीसाठी निघून गेल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘माझी कंबर लई दुखती, ते लिव्हलं का हो तिनं?’ मी प्रश्नावली पाहिली होती. तसा रकानाच तीत नव्हता.