तळ्याच्या नोंदीचा मालक कोण?

मत्स्यशेतीत सर्वांत घातक वेळ पहाटेची. दिवसा पाण्यातले सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करते. अंधार पडला की तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे सगळेच तो वापरू लागतात आणि उजाडण्याच्या सुमारास साठा तळाला जातो. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कोळंबीचे खाणे मंदावते. आणखी घसरला तर कर्ज काढून वाढवलेले पीक एका रात्रीत हातचे जाते.

म्हणूनच पाण्यातला प्राणवायू, सामू आणि तापमान अखंड मोजून धोका दिसताच मोबाइल वाजवणारा आणि पाण्यात हवा मिसळणारा एरेटर सुरू करणारा सेन्सर ही शेतकऱ्याच्या खऱ्या गरजेची वस्तू आहे. कोळंबीच्या खाण्याचा आवाज पाण्याखालच्या मायक्रोफोनने टिपून तेवढेच खाद्य टाकणारी यंत्रेही आली आहेत. कोळंबीच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया वाढवते. खाद्य वाचले तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि खाडीत जाणारी घाणही कमी होते. या तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ते ज्या बेफिकिरीने तळ्यांवर उतरत आहे, तिला आहे.

पहिला धोका यंत्रावरच्या आंधळ्या भरवशाचा. पाण्यात बुडवलेल्या सेन्सरवर काही दिवसांतच शेवाळ चढते, खाऱ्या पाण्यात शंख-शिंपल्यांची पुटे बसतात आणि यंत्र चुकीचा आकडा दाखवू लागते. आकडा चुकीचा असला की धोक्याची घंटा वाजतच नाही. पावसाळी रात्री वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि ढगाळ दिवसानंतर प्राणवायू घसरतो तोही नेमका त्याच रात्री. मोबाइलवर विसंबून रात्रीचा राखणदार कमी केला, खाद्य उरले का हे दाखवणारा चेक ट्रे उचलून पाहण्याची सवय सुटली, तर पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणारे मासे पाहणार कोण? जानेवारी २०२१मध्ये मत्स्यशेतीला उपकरणे पुरवणाऱ्या नॉर्वेतल्या आक्वा ग्रुप या मोठ्या कंपनीवर खंडणीखोर सायबरहल्ला झाला. अशा कंपनीची ही गत, तर पालघर-रायगडच्या संवर्धकाने कोणाच्या जिवावर निर्धास्त राहायचे?

दुसरा धोका अधिक खोल आहे. सेन्सरची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर साठते. तळ्यात किती माल आहे, तो किती वाढला, खाणे कधी मंदावले, हे सगळे त्या नोंदीतून कळते. विजयवाड्याच्या इरुवाका या कोळंबीतळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत न्यूट्रेको या जागतिक खाद्य कंपनीने गुंतवणूक केली. त्यात बेकायदा काही नाही. पण पाणी मोजणारा आणि खाद्य विकणारा एकाच छताखाली येऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. खाद्य उधारीवर देणारा, माल उचलणारा आणि विमा उतरवणारा, तिघांनाही तळ्याची ही नोंद मिळाली तर भाव ठरवताना शेतकऱ्याच्या हाती उरते काय? आजाराच्या भीतीने त्याला घाईने माल काढावा लागणार, हे व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असेल.

पण प्रत्येक नोंद गुप्त ठेवायची असेही नाही. नॉर्वेत सामन माशांवरच्या समुद्री उवांची मोजणी संवर्धकाने दर आठवड्याला सरकारला कळवावी लागते आणि ती सर्वांना पाहता येते. एका फार्मवरचा परजीवी शेजारच्या फार्मवर जातो, म्हणून ही सक्ती. आपल्याकडेही एकाच खाडीचे पाणी अनेक तळ्यांत फिरते. १९९०च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने भारतातील कोळंबीशेती उद्ध्वस्त केली, ती अशाच पसरत्या संसर्गाने. रोगाची खबर सर्वांना हवी. मालाच्या साठ्याची आणि वाढीची नोंद मात्र शेतकऱ्यापाशी राहायला हवी. नियमच नसल्याने नेमके उलटे घडू शकते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या माहितीपुरता आहे. तळ्यातल्या आकड्यांची मालकी तो ठरवत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२०मध्ये २०,०५० कोटींची म्हणून जाहीर झाली, २०२४मध्ये मत्स्यव्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल मंच उभा राहिला, आणि एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. पैसा आणि यंत्रे आता वेगाने येतील. करारांवर अंगठे उमटल्यावर नियम करून उपयोग नाही. ते आधी हवेत.

सरकारी अनुदान ज्या उपकरणाला मिळेल, त्याची नोंद शेतकऱ्याच्या मालकीची आहे आणि त्याच्या लेखी संमतीवाचून ती कोणालाही देता येणार नाही, अशी अट घाला. करार मराठीत असावा आणि कंपनी बदलली तरी जुनी नोंद शेतकऱ्याला सोबत नेता यावी. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांना सेन्सर तपासून देण्याचे काम आणि त्यासाठी निधी द्या. केवळ यंत्राच्या आकड्यावर विम्याचा दावा फेटाळता येऊ नये. रोगाची लक्षणे मात्र मत्स्य विभागाला कळवणे सक्तीचे करा आणि ती खबर त्याच दिवशी त्या खाडीवरच्या प्रत्येक संवर्धकापर्यंत पोहोचवा. तळ्यात बुडणारा पैसा शेतकऱ्याचा आहे, म्हणून तळ्याच्या नोंदीवर पहिला हक्कही त्याचाच. मत्स्यव्यवसाय विभागाने हा हक्क पुढच्या अनुदानाच्या शासन निर्णयातच लिहून द्यावा.