पट्ट्याला साक्षीदार हवेत

हावड्यात कराटेचा क्लास शोधावा लागत नाही. शिवपूर असो, सांत्रागाछी असो की बाली, पाड्यातल्या एखाद्या क्लबाच्या आवारात पांढऱ्या ड्रेसमधली पोरं पट्ट्याच्या रंगाप्रमाणे रांगेत उभी असतात. सरांनी जपानी आकडा पुकारला की सगळ्यांच्या मुठी एकदम सुटतात. या रांगेविषयी दोन मतं ठासून मांडली जातात. दोन्ही पक्षांचा आवाज मोठा आहे आणि दोन्ही पक्ष चुकीचे आहेत.

पहिला पक्ष परंपरेच्या अभिमान्यांचा. ते म्हणतात, कराटे ही हजारो वर्षांची साधना आहे. पट्टा, रांग, कमरेतून वाकून केलेला नमस्कार हे सारं तिच्याबरोबरच जन्माला आलं. सेन्सेईंच्या आज्ञेला 'ओस' एवढंच उत्तर असतं, आणि ज्याला प्रश्न विचारायचे आहेत त्याने दारातूनच परत जावं.

दुसरा पक्ष स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्यांचा. त्यांच्या मते रंगीत पट्टे म्हणजे पालकांच्या खिशाला लावलेली कात्री आणि आरोळ्या व रांगा म्हणजे जपानी लष्कराचं उष्टं. लोकशाहीत वाढणाऱ्या मुलाला कुणापुढे मान तुकवायला शिकवणं तर त्यांना घातकच वाटतं. तेव्हा हे सगळं फेकून द्या, ठोसे आणि लाथा तेवढ्या शिकवा.

आधी अभिमान्यांचा समाचार घेऊ, कारण त्यांचा दावा तारखांपुढे टिकत नाही.

कराटे ओकिनावातून जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे फुनाकोशी गिचिन हे पेशाने शाळामास्तर. तरुणपणी ते रात्री गुरूच्या अंगणात शिकायला जात. एकेका कातावर, म्हणजे हालचालींच्या एकेका ठरलेल्या मालिकेवर, तीन-तीन वर्षं घालवण्याची तेव्हा रीत होती. तिथे रांग नव्हती, पट्टा नव्हता, पदवीही नव्हती, कारण शिष्य एक-दोनच असत आणि कोण किती पाण्यात आहे हे गुरूला तोंडपाठ असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इतोसु आंको यांनी ही विद्या ओकिनावातल्या शाळांत आणली. एक मास्तर आणि समोर वर्गभर पोरं अशी वेळ आली, तेव्हा आकड्यावर एकत्र हालचाल करणं आणि ओळीत उभं राहणं ओघानेच आलं.

कराटेतल्या पदव्यांची गोष्ट तर आणखी अलीकडची, आणि तीही ज्यूदोकडून आलेली. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोदोकान काढलं आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला 'दान', म्हणजे पदवीची पायरी, दिला. ही कल्पना त्यांनी 'गो' या बैठ्या खेळातून उचलली होती. फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला आले, कानोंच्या संपर्कात आले आणि १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या शिष्यांना कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. खालच्या इयत्तांसाठी रंगीत पट्टे रूढ झाले ते १९३० च्या दशकानंतर, मुख्यतः पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवणाऱ्या कावाइशी यांच्यामुळे.

हावडा स्टेशनातून पहिली गाडी सुटली १८५४ मध्ये आणि हावडा ब्रिज वाहतुकीला खुला झाला १९४३ मध्ये. म्हणजे ज्याला 'सनातन' म्हणून प्रश्नांपासून राखायचं, तो काळा पट्टा या शहराच्या रेल्वेपेक्षा लहान आणि पिवळा-हिरवा पट्टा त्याच्या पुलाच्या बरोबरीचा. विशिष्ट अडचणीवर विशिष्ट माणसांनी काढलेला हा तोडगा आहे. जे माणसांनी केलं ते माणसांना तपासता येतं आणि दुरुस्तही करता येतं. 'विचारू नका' हा नियम परंपरेतून आलेला नाही. ज्यांना तपासणी गैरसोयीची आहे त्यांनी तो परंपरेच्या तोंडी घातला आहे.

एवढं ऐकून आधुनिकांनी टाळ्या पिटायची घाई करू नये. एखादी गोष्ट नवी आहे एवढ्यावरून ती निकामी ठरत नाही. पट्टा का लागला, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हावड्यातच मिळतं.

हावडा जिल्ह्यात पांचला भागात देउलपूर नावाचं गाव आहे. जरीकामावर पोट भरणाऱ्या घरातला तिथला अचिंत शेउली हा मुलगा थोरल्या भावाच्या मागोमाग गावातल्या अष्टम दास यांच्याकडे वजन उचलायला शिकला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७३ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये १४३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १७०, असं एकूण ३१३ किलो वजन उचलून सुवर्णपदक जिंकलं. त्याला कुठल्या पट्ट्याची गरज पडली? मुळीच नाही. लोखंड एक तर डोक्यावर जातं किंवा जात नाही.

आपल्या तालमीतही तेच. कोल्हापुरात गंगावेस किंवा मोतीबागेत वस्ताद पोरांना रंगीत पट्टे वाटत नाहीत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. तिथे पाठ मातीला लागली की निकाल लागला. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते आखाड्यातल्या कुस्त्यांच्या जोरावर. गळ्यात कुणाचं प्रमाणपत्र अडकवून ते गेले नव्हते. पंचांच्या निर्णयावरून भांडणं होतात, नाही असं नाही, पण भांडणाऱ्यांनी निदान कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली असते.

पारंपरिक कराटेत मात्र ही सोय नाही. ठोसा समोरच्याच्या नाकाला लागण्याआधी थांबवायचा, हीच त्यातली कसोटी. तोक्यो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला अशी बसली की तो बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. हामेदी अपात्र ठरला आणि सुवर्णपदक शुद्धीवर नसलेल्या माणसाला मिळालं. पाहणारे चक्रावले, पण नियम स्वतःशी प्रामाणिक राहिला: ज्याला आपला फटका आवरता येत नाही, त्याला विद्या आली असं म्हणता येत नाही.

जिथे पाडलेला माणूस जिंकू शकतो, तिथे निव्वळ ताकदीने माणूस मोजता येत नाही. मग मोजायचं कसं? उभं राहण्याची ढब, तोल, अंतराचा अंदाज, रोखून धरलेली ताकद हे सारं जाणकाराने पाहायचं आणि सांगायचं. पट्टा हे त्या सांगण्याचं जाहीर रूप. तो काढून टाकला तर नवखा पोरगा कुणाशी किती जोराने भिडेल याला धरबंध राहणार नाही. पिवळ्या पट्ट्याच्या मुलाशी खेळताना तपकिरी पट्ट्याच्या मुलाने हात आखडता घ्यायचा असतो, आणि ही सूचना त्याला समोरच्याच्या कमरेवर वाचता येते.

रांगेचं आणि नमस्काराचंही हेच. परस्परांच्या तोंडावर लाथा उगारणाऱ्या दोन मुलांना, आता सुरू आणि आता बंद, हे निःसंदिग्धपणे कळायला हवं. 'यामे', म्हणजे 'थांबा', हा शब्द उच्चारला की हवेतला हात हवेतच थांबला पाहिजे; तिथे चर्चेला जागा नाही. नमस्कार दोघांनी एकमेकांना करायचा असतो आणि सेन्सेईही वाकतात. ज्याला यात गुलामी दिसते त्याने फक्त शिष्याची पाठ पाहिली आहे. ज्या क्लासात सर वाकत नाहीत तिथे मात्र आधुनिकांचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे.

हे सगळं परकं आहे, असा एक आक्षेप अधूनमधून येतो. बंगालमध्ये तरी तो कुणी घेऊ नये. रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये सानो जिन्नोसुके यांना आणि १९२९ मध्ये ताकागाकी शिंझो यांना जपानहून शांतिनिकेतनात बोलावून जपानी कुस्तीचे वर्ग चालवले. मुलीही ती शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता त्यांतल्याच. पुस्तकी घोकंपट्टीला विटलेल्या कवीला जपानी शिस्त खुपली नाही, कारण त्या शिस्तीने मुलींना अंगणात आणलं.

आता आधुनिकांच्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येऊ: पैसा. इथे मी त्यांच्या बाजूने आहे. काळ्या पट्ट्याआधी बहुतेक शैलींत आठ ते दहा पायऱ्या असतात आणि दर पायरीला परीक्षेची फी असते. पायरीला उपपायरी जोडली की फी वाढते. बसलेले सगळे पास होतात. दुडदुड धावणाऱ्या वयातल्या पोरांच्या कमरेला काळा पट्टा येतो आणि फोटो फ्लेक्सवर झळकतो. ज्या परीक्षेत कुणी कधी नापास होत नाही, तिचं प्रमाणपत्र म्हणजे फीची पावती.

पण या दुखण्याचं मूळ पट्ट्यात नाही, बंद दारात आहे. कुस्तीचा निकाल मैदान पाहतं, वजनाचा निकाल तराजू सांगतो. पट्ट्याचा निकाल मात्र एक माणूस आपल्याच शिष्याला, आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच संघटनेच्या शिक्क्यानिशी देतो. त्या संघटनाही किती! एकमेकींना न मानणाऱ्या, प्रत्येकीच्या नावात 'ऑल इंडिया' किंवा 'इंटरनॅशनल'. जागतिक कराटे महासंघाने २०२० मध्ये कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता तात्पुरती काढून घेतली, त्यामागे वरच्या खुर्च्यांवरची भांडणंच होती. खालच्या पोराला 'ओस' म्हणायला लावणारे वर एकमेकांचं ऐकत नव्हते. शिस्त शिकवणाऱ्या खेळाची यापेक्षा मोठी नाचक्की दुसरी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. जिथे उघडा निकाल आपोआप लागत नाही, तिथे पद हवंच. पण उघड्या निकालाच्या जागी आलेलं पद स्वतः उघडं असलं पाहिजे. कुस्तीला जे मैदान देतं ते पट्ट्याला आपण मुद्दाम द्यायला हवं, म्हणजे साक्षीदार.

प्रत्यक्षात याचा अर्थ साधा आहे. कुठल्या पट्ट्याला काय यायला हवं ते भिंतीवर लिहिलेलं असावं. परीक्षा पालकांसमोर आणि इतर क्लासांच्या मुलांसमोर व्हावी. परीक्षकांत निदान एक जण बाहेरचा असावा, ज्याला त्या फीतला रुपयाही मिळत नाही. नापास होणं शक्य असावं आणि नापास झालेल्याला पुढच्या परीक्षेची फी माफ असावी. मग नापास करण्यात कुणाचा फायदा उरणार नाही आणि पास करण्यातही घाई राहणार नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सरांनी मुलांसमोर स्वतः काता करून दाखवावा. वयाने गुडघे गेले असतील तर हळू करावा, पण करावा. जो वर्षानुवर्षं फक्त आकडे पुकारतो त्याच्या पट्ट्याला साक्षीदार कुठला?

आज्ञाधारकतेची हद्दही आखून घ्यायला हवी. 'यामे' म्हटल्यावर थांबणं ही शिस्त. सरांची पिशवी घरी पोचवणं, उशिरा आल्याबद्दल छडी खाणं, दुखावलेला गुडघा लपवणं, 'इथलं बाहेर सांगायचं नाही' हे ऐकून घेणं, यातलं काहीही शिस्तीत मोडत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाच्या बाबतीत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केलेला लैंगिक गुन्हा अधिक गंभीर धरला आहे. पट्ट्याने अधिकार मिळतो, तर त्याच मापाने जबाबदारीही वाढली, एवढाच त्याचा रोखठोक अर्थ. बंद हॉलमध्ये एकट्या मुलाला थांबवून घेणारा कितव्याही दानचा असो, पालकांनी त्याला जाब विचारलाच पाहिजे.

अभिमानी म्हणतील, असे प्रश्न विचारले तर सेन्सेईंचा मान जाईल. ज्याचा मान चार पालकांच्या नजरेने जातो, त्याच्याकडे तो होताच कुठे? आणि आधुनिकांना सांगायचं ते असं की मोडीत काढायला अक्कल लागत नाही, तपासायला लागते.

हावड्यात लेथ मशीन आणि ओतशाळांच्या गल्ल्यांत वाढणारी पोरं असोत किंवा सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी विटा-आटपाडीकडून कोलकात्यात आलेल्या मराठी घरांतली, या मुलांना रांगेत उभं राहण्याने काही बिघडत नाही. ती रांग कुणाच्या नजरेसमोर आहे, एवढं पाहा. वरच्या अटी मान्य करणारा क्लास सापडला तर मुलाला खुशाल घाला आणि नमस्कारही करायला शिकवा. नाहीच सापडला तर त्याला डुमुरजलाच्या मैदानावर पळायला न्या. तिथे पट्टा मिळणार नाही, पण खोटाही कुणी बांधणार नाही.