थांबा म्हणायचं कुणी?

पोटाच्या शस्त्रक्रियेत सर्जन पोटाशी असतो आणि भूलतज्ज्ञ डोक्याशी. दंतवैद्य मात्र थेट श्वासाच्या वाटेतच काम करतो. तोंडात पाणी, कापसाचे बोळे, त्यात गुंगीने सैल पडलेली जीभ मागे सरकते. लहान मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, प्राणवायूची गरज जास्त आणि साठा कमी. त्यांचं हृदय सहसा आधी थांबत नाही. आधी श्वास अडतो, मग प्राणवायू उतरतो, नाडी मंदावते. हाताशी मोजकी मिनिटं असतात.

2015 मध्ये कॅलिफोर्नियात सहा वर्षांचा एक मुलगा दात काढण्यासाठी दिलेल्या भुलेनंतर दगावला. भूल देणारा आणि दात काढणारा डॉक्टर एकच होता. मुलाच्या कुटुंबाने पाठपुरावा केला, तिथले कायदे बदलले. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी मिळून सांगितलं, की दवाखान्यात मुलाला खोल गुंगी द्यायची तर दंतवैद्याखेरीज भुलेचं शिक्षण घेतलेली वेगळी व्यक्ती हवी आणि मुलांच्या प्रगत जीवरक्षणाचं प्रशिक्षण दोघांनाही हवं.

हे योग्यच आहे. पण मला काळजी वाटते ती खोलीतल्या तिसऱ्या माणसाची, सहायकाची.

आपल्याकडे अनेक दवाखाने बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावतात. ते आपली बॅग घेऊन येतात, काम संपवून जातात. ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे, सक्शनची जाड नळी कुठल्या खणात, हे ठाऊक असतं सहायक मुलीला. आणि श्वास अडल्यावर काय करायचं, हे बहुतेक वेळा तिला कुणी शिकवलेलं नसतं. सराव व्हायला हवा तो तिच्यासह, त्याच खुर्चीवर, त्याच सामानानिशी. तोंडातलं सगळं बाहेर कोण काढणार, हनुवटी कोण उचलणार, मास्क आणि फुगा कोण देणार, 108 ला पत्ता कोण सांगणार? मिडाझोलाम या गुंगीच्या औषधावर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण त्याचा असर आधी ओसरतो आणि मूल पुन्हा गुंगीत जाऊ शकतं. म्हणून शुद्धीवर आलेल्या मुलावरही नजर हवी, हे तिला माहीत असायला हवं.

ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो. श्वासावर लक्ष ठेवणारा कॅप्नोग्राफ श्वास थांबल्याचं लगेच दाखवतो. तो नसेल तिथे छाती हलते का, हे पाहणारे डोळे लागतात. छाती हलत नाही हे तिला दिसलं, तरी ती ‘सर, थांबा’ म्हणेल का? आपल्या दवाखान्यांत ज्येष्ठ डॉक्टरांना अडवायची रीत नाही. सरावात हे म्हणायची परवानगी डॉक्टरांनी स्वतः, सगळ्यांसमोर द्यावी आणि तिच्याकडून ते वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावं.

दर सरावाची नोंद वहीत राहू द्या: हजर कोण, मास्क लागेपर्यंत किती सेकंद गेले, काय सापडलं नाही. नवी सहायक रुजू झाली, की गुंगीचा पहिला रुग्ण घेण्याआधी पुन्हा सराव.