फडांत आग, कोपींत धूर

उसाचा फड तुटला कीं उरलेल्या पाचटास काडी लावावयाची, ही रीत आमच्या ऊसपट्ट्यांत अद्यापि पुरती सुटलेली नाहीं. हेक्टरी सुमारें ८ ते १० टन निघणारें हें पाचट घटकाभरांत राख होतें. त्याच शिवाराच्या कडेला कोपींत राहणारी बाई दिवसभर ऊस तोडून सायंकाळीं काटक्या वेंचते व तीन दगडांच्या चुलीचा धूर गिळते. इंधन जळतें तेथें अन्न शिजत नाहीं, आणि अन्न शिजतें तेथें इंधन नाहीं!

हें अज्ञानामुळें होतें काय? मुळींच नाहीं. गुऱ्हाळवाले चिपाडें वाळवून चुलवाणांत घालीत आले. साखर कारखान्यांत गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्के चोथा निघतो. त्यावर वाफ होते, वीज होते, व अनेक कारखाने उरलेली वीज विकतात. जेथें नफा दिसतो तेथें गोळा कोणीं करावें, वाहून कोणीं न्यावें, कोरडें कोठें ठेवावें, याची चोख व्यवस्था लागते. घरच्या चुलीची मात्र लागत नाहीं. कारण बाईच्या पायपिटीस मजुरी नाहीं, म्हणून ती हिशेबांतच धरली जात नाहीं.

सरकारनें १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना आरंभिली, हें उत्तमच झालें. तथापि जोडणी मिळणें निराळें व पुढची टाकी भरणें निराळें. टाकीस रोख पैसा लागतो. काटक्यांस बाईचे पाय पुरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ग्रामीण भारतांतील शंभरांपैकीं सुमारें ४३ कुटुंबेंच स्वच्छ इंधन वापरतांना आढळलीं. घरांतील अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कोणी म्हणेल, पाचट शेतांतच कुजवावें. त्यानें ओल टिकते व जमीन सुधारते. हें आम्हांस सर्वथा मान्य आहे. पण जें जाळलेंच जातें, तें ना खत होतें ना सर्पण! पाचट हलकें, भडकन् पेटून विझणारें. तें तसेंच चुलींत घालून भागत नाहीं, हेंही खरें. परंतु भट्टींत त्याचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडतां येतात, हें पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनें दाखवून दिलें, व त्याबद्दल २००२ सालीं तिला ॲश्डेन पारितोषिक मिळालें.

तेव्हां उणीव युक्तीची नसून व्यवस्थेची आहे. जो कारखाना शेंकडों गांवांच्या उसाची तोड व वाहतूक तारखेबरहुकूम घडवून आणतो, त्यास पाचटाची तजवीज अशक्य आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. तोडणीच्या करारांत उचल व दर लिहिले जातात. तेथेंच प्रत्येक कोपीस बिनधुराची शेगडी व हंगामभर पुरेल इतकें इंधन, मग तें गॅसचें असो वा कांड्यांचें, देण्याचें कलम घालावें. कारखान्याच्या बाष्पयंत्रास जें सर्पण चुकत नाहीं, तें त्यास ऊस पुरविणाऱ्या बाईच्या चुलीस कां चुकावें, याचा जाब संचालक मंडळांस आज ना उद्यां द्यावाच लागेल.