आजार लपवला की हाजींचे रक्षण होते?

रमजानमध्ये आपल्या गावातले लोक उमराहला जातात. येताना खजूर आणि जमजम आणतात, ते शेजारच्या हिंदू घरांतही पोहोचतात. जेद्दाहच्या विमानतळाशी आपले नाते असे आहे, म्हणून त्याच शहरातली ही हकीकत.

जून २०१२ मध्ये तिथल्या एका खासगी रुग्णालयात साठ वर्षांचा माणूस न्यूमोनियाने दाखल झाला. पुढे मूत्रपिंडेही निकामी होऊन तो दगावला. रुग्णालयातले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या थुंकीत नवा कोरोना विषाणू सापडला. नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेने त्याची ओळख पटवली आणि सप्टेंबरमध्ये झाकींनी जगभरच्या डॉक्टरांना सावध केले. बक्षीस काय मिळाले? नोकरी गेली, ते मायदेशी परतले. विनापरवानगी नमुना परदेशी पाठवला, ही तक्रार नियमाला धरून असेलही. पण इथे राग नियम मोडल्याचा कमी आणि बोभाट्याचा जास्त होता, असे मला वाटते.

या आजाराचे नाव मर्स. नोंद झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पस्तीस दगावतात. विषाणू उंटांकडून येतो हे कळल्यावर काही सौदी मालकांनी उंटांचे मुके घेतानाचे व्हिडिओच टाकले! हसू येते, पण पिढ्यान्‌पिढ्या घरच्यासारखे वाढवलेले जनावर कोणी एकदम परके कसे मानेल?

जगाला धास्ती होती हजच्या गर्दीची. साथ पसरली मात्र रुग्णालयांत. डायलिसिसच्या खोल्या, तातडीचे विभाग, खाटांमधले अपुरे अंतर, न धुतलेले हात. २०१४ च्या वसंतात जेद्दाहमध्ये रुग्ण झपाट्याने वाढले. एप्रिलमध्ये आरोग्यमंत्र्यांना हटवले गेले. जूनमध्ये, रमजान तीन-चार आठवड्यांवर असताना, सरकारने आधी न कळवलेले ११३ रुग्ण जाहीर केले. एवढे रुग्ण हिशेबाबाहेर असताना त्याच शहरात यात्रेकरू उतरत होते. इभ्रतीसाठी गप्प बसणे त्यांच्या जिवावर बेतू शकले असते.

सौदी अरेबिया यातून शिकला, हे कबूल करायला हवे. २७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याने परदेशी उमराह यात्रेकरूंना प्रवेश बंद केला, तेव्हा देशात कोविडचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिला सापडला २ मार्चला. त्या वर्षी हज झाली ती जेमतेम हजारभर लोकांची. बेत रद्द झालेल्यांना वाईट वाटलेच. काबाभोवतीचा रिकामा मताफ टीव्हीवर पाहताना मला मात्र डॉ. झाकी आठवत होते.